पिल्लांच्या शेडमधील उष्णता मोबाईलवरून चालू-बंद केली तर विजेचे बिल कमी होईल का?

मलप्रभाकाठ (४ जुलै, रात्री ९.१५)

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात आमचे घर आहे आणि मागे परड्यात, घरापासून सुमारे दोनशे फुटांवर, २० बाय ३० फुटांची पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे भाताची पोती आणि औते ठेवत असू. दोन वर्षांपासून आई तिथे गिरिराजा जातीची पिल्ले वाढवते, एका वेळी पाचशे. मी नोकरीसाठी बेळगावात राहतो आणि शनिवार-रविवार गावी जातो.

पहिले तीन आठवडे पिल्लांना ऊब लागते, म्हणून आम्ही २५० वॅटचे चार तांबडे बल्ब लावतो. ते रात्रंदिवस चालू असतात. शेडचे मीटर वेगळे असून घराच्या पडवीत आहे. मागच्या खेपेला एकवीस दिवसांत त्या मीटरवर ४६० युनिट पडले, आणि खाद्य व लस यांचा खर्च वजा केल्यावर आईच्या हाती जे उरते त्यातला मोठा वाटा ह्या बिलात गेला. दुपारी ऊन पडले की बल्ब बंद करावेत आणि संध्याकाळी पुन्हा लावावेत असे आम्ही ठरवले होते, पण ते सगळे आईवर पडते. तिचे वय ६८ आहे. जुलैच्या पावसात रात्री दोन वाजता छत्री आणि बॅटरी घेऊन चिखलातून शेडपर्यंत जाणे मला आता तिला करू द्यायचे नाही.

म्हणून विचारतो, की बल्बांना मोबाईलवरून चालू-बंद होणारे बटण बसवले तर मी बेळगावातून ते काम करू शकेन का, आणि त्याने युनिट खरोखर कमी होतील का? घरात वायफाय आहे, पण शेडमध्ये त्याची रेंज पोचत नाही. पुढची पिल्ले वीस दिवसांनी येणार आहेत.

येळ्ळूरकर (४ जुलै, रात्री १०.०२)

आमच्या घरी गिझरला वायफायचा स्मार्ट प्लग लावला आहे आणि तो दोन वर्षे उत्तम चालला आहे. शेडमध्ये राउटरला जोडून एक रेंज वाढवणारे यंत्र बसवले तर आपलेही काम होईल, असे वाटते. गिझर विसरून चालू राहण्याचे प्रकार थांबले आणि बिलात फरक जाणवला.

जुना वायरमन (५ जुलै, सकाळी ६.५०)

येळ्ळूरकर म्हणतात ते गिझरपुरते बरोबर आहे, कारण गिझर दिवसातून वीस-पंचवीस मिनिटे चालतो आणि त्याच्या आत स्वतःचा थर्मोस्टॅट (तापमान पाहून वीज आपोआप चालू-बंद करणारे साधन) असतो. पिल्लांचे बल्ब तीन आठवडे अखंड चालतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे आत काहीच नसते. एवढा काळ एक किलोवॅटचा भार प्लग आणि सॉकेटच्या पिनांवर ठेवला, आणि त्यात एखादी पिन सैल असली, तर ती तापते, प्लास्टिक काळे पडते, आणि खाली तर भाताचे तूस पसरलेले असते. तेव्हा शेडमध्ये प्लग नको. मोबाईलचे यंत्र कोणतेही घ्या, त्याच्याकडून फक्त एका कॉन्टॅक्टरची (मोठा भार पेलणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची) कॉइल चालवून घ्या आणि बल्बांचा प्रवाह त्या कॉन्टॅक्टरमधून जाऊ द्या. त्याच्या मागे योग्य क्षमतेचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असू द्या. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर आई अनवाणी उभी राहणार असेल, तर आरसीसीबी आणि अर्थिंग यांच्याशिवाय मी कोणालाही ही जोडणी करू देणार नाही.

बल्बांचे होल्डर चिनीमातीचे घ्या. बल्ब वायरवर लटकवू नका. साखळीवर लटकवा आणि शिवाय एक वेगळी तार बांधा, म्हणजे साखळी निसटली तरी बल्ब तुसावर पडणार नाही.

आता बचतीचे. चार बल्ब चोवीस तास चालले तर दिवसाला २४ युनिट आणि एकवीस दिवसांत ५०४ युनिट व्हायला हवेत. आपल्याकडे ४६० पडले. उरलेले ४४ युनिट कोणी वाचवलेले नाहीत. लाईट गेल्यामुळे आणि व्होल्टेज कमी असल्यामुळे ते वापरलेच गेले नाहीत. व्होल्टेज जितके उतरते त्याहून बल्बची उष्णता अधिक उतरते. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागल्यावर व्होल्टेज २३० वरून १९० वर आले, तर २५० वॅटचा बल्ब सुमारे १८५ वॅटचीच ऊब देतो, आणि चार बल्ब मिळून अडीचशेच्या आसपास वॅट कमी पडतात. अंधार पडून गारवा वाढतो त्याच वेळी हे घडते. म्हणून घड्याळ पाहून बल्ब चालू-बंद करणे, मग ते हाताने असो वा मोबाईलने, माझ्या मते धोक्याचे आहे. त्यापेक्षा शेडमध्येच थर्मोस्टॅट लावा.

चंदगडचा पशुवैद्य (५ जुलै, दुपारी २.२०)

मी सीमेच्या पलीकडचा, महाराष्ट्रातला असलो तरी आपला पाऊस आणि आपली पिल्ले सारखीच आहेत, म्हणून लिहितो.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगावर फक्त लव असते आणि स्वतःच्या शरीराचे तापमान टिकवण्याची शक्ती त्याला पहिले दोन-तीन आठवडे पुरेशी नसते. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली (ऊब देणाऱ्या बल्बांखाली), पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, ३३ ते ३५ अंश सेल्सिअस हवे. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करत जायचे. पाचशे पिल्लांना आपला एक किलोवॅट, म्हणजे पिल्लामागे दोन वॅट, हा हिशेब आपल्याकडे सर्वत्र धरला जातो आणि तो योग्य आहे. चूक एवढीच होते, की पहिल्या दिवशीची ऊब एकविसाव्या दिवशीही तशीच दिली जाते. तिसऱ्या आठवड्यात पिल्लांना २७ ते २९ अंश पुरतात आणि तोवर त्यांची स्वतःची ऊबही वाढलेली असते. तिथे वाया जाणारी वीज मोठी असते, आणि जास्त उष्णतेने पिल्ले धापा टाकतात, पाणी अधिक पितात आणि लिटर (खाली पसरलेले तूस) ओले होते ते निराळेच.

उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. वीज वाचवण्याच्या नादात पिल्ले एकदा गारठली, तर ती एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. जी वाचतात ती खाद्यातली ताकद अंग गरम ठेवण्यात खर्च करतात आणि वजनात मागे राहतात. दहा युनिट वाचवून खाद्याचे एक पोते जास्त लागले तर त्यात फायदा कसला? बेळगावात बसून आपल्याला शेडमधले ऊन दिसणार नाही आणि ढगही दिसणार नाही. खानापूर-जांबोटी भागात जुलैमध्ये दुपारी ऊन पडून अर्ध्या तासात सरी येणे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

मलप्रभाकाठ (५ जुलै, रात्री ८.४०)

वायरमनकाका आणि डॉक्टर, दोघांचेही मनापासून आभार. ४६० युनिटांचा अर्थ मी उलटा लावत होतो हे लक्षात आले. थर्मोस्टॅट लावायचा हे पटले. माझा आता एकच प्रश्न उरतो. थर्मोस्टॅट आणि मोबाईलचे बटण दोन्ही हवे असतील तर जोडणी कशी करावी? मला मोबाईल पूर्ण सोडायचा नाही, कारण शेडमध्ये काय चालले आहे हे मला कळलेच नाही, तर रात्री मी आईलाच फोन करून उठवणार.

जुना वायरमन (६ जुलै, सकाळी ७.०५)

हा प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मोबाईलचे बटण थर्मोस्टॅटच्या सिरीजमध्ये लावले, तर दोघांची संमती असेल तेव्हाच बल्ब लागतात. म्हणजे आपण दुपारी बेळगावातून बंद केले आणि कार्यालयातल्या कामात विसरलात, किंवा मध्येच इंटरनेट गेले, तर संध्याकाळी थर्मोस्टॅट कितीही मागणी करो, बल्ब लागणार नाहीत. तेच बटण पॅरलल लावले, तर दोघांपैकी कोणीही एकाने सांगितले की बल्ब लागतात. मग मोबाईलवरून चालू करून विसरलात तर थर्मोस्टॅट बंद करू शकणार नाही आणि शेड तापत राहील. दोन्ही जोडण्यांत माणसाच्या विसरण्याची किंमत पिल्ले देतात.

माझा सल्ला असा. दोन थर्मोस्टॅट घ्या. एसटीसी-१००० ह्या प्रकारचे, लांब तारेचा सेन्सर असलेले साधे कंट्रोलर बाजारात सहज मिळतात. त्यांची रिले (आतला स्विच) १० अँपिअरची असली तरी भार कॉन्टॅक्टरवरच द्या. पहिला थर्मोस्टॅट त्या आठवड्याच्या तापमानावर ठेवा आणि त्याच्या सिरीजमध्ये मोबाईलचे बटण लावा. ह्याच्यावर तीन बल्ब चालतील. दुसरा थर्मोस्टॅट पहिल्यापेक्षा चार अंश खाली ठेवा आणि त्याच्या जोडणीत मोबाईलला अजिबात शिरू देऊ नका. त्याचा कॉन्टॅक्टर वेगळा असेल आणि तो चारही बल्ब लावू शकेल, अशी जोडणी करा. दोन्ही कॉन्टॅक्टरना वीज एकाच फेजवरून द्या, हे विसरू नका. मग मोबाईल काहीही सांगो, इंटरनेट असो वा नसो, तापमान त्या तळाच्या रेषेखाली गेले की बल्ब लागणारच.

चालू आणि बंद यांतला फरक एक अंश ठेवा. त्याहून कमी ठेवलात तर कॉन्टॅक्टर सारखा खटखटत राहील आणि बल्बांच्या तारा लवकर तुटतील.

मोबाईलच्या यंत्रात दोन गोष्टी तपासून घ्या. लाईट जाऊन परत आल्यावर ते चालू अवस्थेत येते की बंद, ही सेटिंग बहुतेक यंत्रांत असते आणि कारखान्यातून येताना ती अनेकदा ‘बंद’ वर असते. ती ‘चालू’ करा. दुसरी गोष्ट म्हणजे ठरावीक वेळेनंतर आपोआप मूळ अवस्थेत येण्याची सोय. ‘बंद’ केलेले एका तासाने आपोआप ‘चालू’ व्हायला हवे.

वायफायची रेंज ओढत नेण्यापेक्षा, पंपासाठी शेतकरी लावतात तसले सिमकार्डचे यंत्र आपल्या भागात अधिक भरवशाचे ठरते. स्वतःची बॅटरी असलेले घ्या, म्हणजे लाईट गेल्याचा निरोपही येईल. वायफाय तर लाईटबरोबरच जाते. अशी बरीच यंत्रे टू-जीवर चालतात आणि जिओचे टू-जी जाळे नाही, त्यामुळे जिओचे सिम त्यांत चालत नाही. शेडमध्ये कोणत्या कंपनीची रेंज टिकते ते आधी साध्या फोनवर दोन दिवस पाहा.

जांबोटीची सून (६ जुलै, दुपारी ३.३०)

विद्युत जोडणीत मला फारसे कळत नाही, पण चार वर्षे मी पिल्ले वाढवते आहे म्हणून सांगते. दादा, तुम्ही पाचशे पिल्लांसाठी सहाशे चौरस फुटांची पूर्ण शेड तापवत आहात का? पहिल्या आठवड्यात त्यांना त्यातली थोडीच जागा लागते. आम्ही शेडचा एक तृतीयांश भाग जाड ताडपत्रीने वेगळा करतो आणि त्यावर सात फुटांवर दुसरी ताडपत्री छतासारखी ताणतो, कारण ऊब वर चढते आणि पत्र्याला लागून निघून जाते. वरच्या बाजूला वीतभर फट मात्र सोडायलाच हवी, नाहीतर अमोनियाने डोळे चुरचुरतात. आपले चुरचुरले तर पिल्लांचे काय होत असेल! पिल्लांचे कडे (त्यांच्याभोवतीचे बुटके कुंपण) गोलच ठेवा, कोपरा मिळाला की ती कोपऱ्यात एकावर एक चढतात. अडीचशे पिल्लांचे एक, अशी दोन कडी करा आणि प्रत्येकात दोन बल्ब द्या. तूस तीन इंच असू द्या आणि ते घालण्याआधी उन्हात वाळवून घ्या. पावसाळ्यात वाळवायला ऊन मिळत नाही, म्हणून आम्ही मे महिन्यातच पोती भरून माळ्यावर ठेवतो.

लाईट गेली तर सासूबाई कड्यावर गोणपाट टाकतात आणि एका बाजूने हवेला वाट ठेवतात. तेवढ्यावर तास-दीड तास निभावते. त्याहून अधिक वेळ लागला तर गॅसचा ब्रूडर. कोळशाची शेगडी बंद जागेत ठेवू नका. त्या धुराने आमच्या शेजारच्या वाडीत एका रात्रीत निम्मी पिल्ले गेली होती.

येळ्ळूरकर (६ जुलै, रात्री ९.१०)

प्लगचा सल्ला मी मागे घेतो. एक वेगळी शंका. शेडला वेगळे मीटर न ठेवता घराच्या मीटरवरून वीज घेतली असती, तर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत ती फुकट मिळाली नसती का? किंवा पंपाच्या जोडणीवरून?

जुना वायरमन (७ जुलै, सकाळी ६.४०)

नाही. गृहज्योती ही घरगुती वापरासाठी आहे, आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. एकवीस दिवसांत ४६० युनिट खाणारी शेड घराच्या मीटरवर टाकली असती, तर घराची सवलतही गेली असती. पंपसेटची मोफत वीज पाणी उपसण्यासाठी दिलेली आहे. तिच्यावर बल्ब लावणे नियमात बसत नाही, आणि त्या लाईनला थ्री फेज वीज दिवसातले काही तासच असते, तेव्हा पिल्लांना तिचा आधारही नाही. वेगळे मीटर आहे तेच बरे. त्यामुळेच आपल्याला ४६० हा आकडा तरी कळला.

मलप्रभाकाठ (७ जुलै, रात्री १०.२५)

ताई, आपण म्हणता तेच आम्ही करत होतो, म्हणजे पूर्ण शेड तापवत होतो. ताडपत्री आणली आहे. गॅसचा पर्याय मुख्य म्हणून घ्यावा का, असेही मनात आले. १९ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण २४० युनिटांइतकी उष्णता असते असा हिशेब मी केला, पण त्याचा काही भाग हवेच्या वाटेने निघून जाणार आणि तो सिलिंडर शेडपर्यंत नेणार कोण, हाही प्रश्न आहे.

चंदगडचा पशुवैद्य (८ जुलै, दुपारी १.०५)

गॅस राखीव म्हणून ठेवा. गोठ्यात चार जनावरे असतील तर गोबरगॅसचाही विचार करता येतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागते आणि त्यातून दिवसाला अकरा-बारा युनिटांइतकी उष्णता मिळू शकते, पण नेमक्या थंडीत गॅस कमी तयार होतो. तुमच्या सध्याच्या प्रश्नाला तो उपाय नाही.

सेन्सर कुठे लावता ह्याकडे मात्र लक्ष द्या. तो भिंतीवर किंवा बल्बाच्या अगदी खाली नको. कड्याच्या आत, बल्बाच्या मध्यबिंदूपासून थोडा बाजूला, तुसापासून दोन इंच वर हवा. आणि आकड्यापेक्षा पिल्लांवर अधिक विश्वास ठेवा. ती बल्बाखाली गोळा झाली तर थंडी आहे, कडेला पांगून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे, सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर कुठून तरी वारा शिरतो आहे, आणि सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील तर हात लावू नका.

मलप्रभाकाठ (१८ ऑगस्ट, रात्री ९.३०)

मंडळी, पिल्लांचे तीन आठवडे संपले, म्हणून कळवतो.

जोडणी वायरमनकाकांनी सांगितली तशीच करून घेतली. शेडच्या एक तृतीयांश भागात ताडपत्रीची भिंत आणि छत केले, दोन गोल कडी केली आणि सिमकार्डचे यंत्र बसवले. पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी १७ युनिट गेले, दुसऱ्यात १२ आणि तिसऱ्यात ८. एकूण २५९ युनिट झाले, म्हणजे मागच्या खेपेपेक्षा २०१ कमी, आणि मागची खेप तर मार्चमधली होती. पाचशेपैकी अकरा पिल्ले दगावली. मागच्या वेळी चौतीस दगावली होती.

ह्यात मोबाईलचा वाटा किती, ते प्रामाणिकपणे सांगतो. पूर्ण तीन आठवड्यांत मी बेळगावातून सहा वेळा बल्ब बंद केले आणि दर वेळी यंत्राने ते एका तासाने आपोआप पूर्ववत केले. चारही बल्ब तेव्हा पूर्ण चालू असते असे धरले, तरी त्यातून फार तर सहा युनिट वाचले. बाकीची सगळी बचत थर्मोस्टॅटची, ताडपत्रीची आणि दर आठवड्याला तापमान खाली आणण्याची आहे. मी ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला तिच्याने बिल जवळजवळ कमी झालेच नाही.

पण मोबाईलचा दुसरा उपयोग झाला. २ ऑगस्टच्या रात्री एक वाजून दहा मिनिटांनी लाईट गेल्याचा निरोप आला. मी शेजारच्या चुलतभावाला फोन केला, त्याने जाऊन कड्यांवर गोणपाट टाकले आणि पाऊण तासाने लाईट परत आल्यावर ते काढले. आई झोपलेलीच होती. सकाळी सांगितल्यावर, तिला न उठवल्याबद्दल ती मला रागावली.

एक घटना डॉक्टरांसाठी. नवव्या दिवशी माझ्या फोनवर ३१ अंश दिसत होते आणि मी निश्चिंत होतो. दिवेलागणीला आई पाणी द्यायला गेली तेव्हा पिल्लांचा आवाज तिला वेगळा वाटला, बारीक आणि सतत. तिने पाहिले तर पश्चिमेच्या कड्यातली सगळी पिल्ले पूर्वेच्या बाजूला दाटून बसली होती. ताडपत्रीची एक दोरी सुटून खालून वारा शिरत होता. सेन्सर दुसऱ्या कड्यात असल्यामुळे त्याला ते कळणे शक्यच नव्हते. आईने फटीत पिंजराचा (भाताच्या पेंढ्याचा) भारा लावला आणि मग मला फोन केला.

जुना वायरमन (१९ ऑगस्ट, सकाळी ६.३०)

दोन्ही थर्मोस्टॅटचे सेन्सर एकाच कड्यात ठेवले होते का?

मलप्रभाकाठ (१९ ऑगस्ट, सकाळी ८.१५)

होय काका, दोन्ही एकाच कड्यात होते. आता तळाच्या थर्मोस्टॅटचा सेन्सर पश्चिमेच्या कड्यात नेला आहे आणि त्याची तार उंदरांनी कुरतडू नये म्हणून पीव्हीसी नळीतून घेतली आहे. पुढची पिल्ले नोव्हेंबरमध्ये येतील.